कागदी केस पेपरांवरून प्रबंध : दहा उत्तरायणांतल्या गळ्याच्या जखमा, सुरुवात कुठून करावी?

रावपुरा_रेसिडेंट

नमस्कार मंडळी. शल्यचिकित्सेच्या प्रबंधासाठी पतंगाच्या दोरीने गळ्याला होणाऱ्या जखमा हा विषय धरलाय. आपल्या वडोदऱ्यात उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण), दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण आणि त्याआधीचा आठवडा, दुचाकीवरून येणाऱ्यांच्या गळ्यांना दरवर्षी काप बसतात. २०१५ ते २०२४ अशी दहा वर्षं घ्यायची. जखमेची खोली, श्वासनलिकेला इजा, शस्त्रक्रिया लागली का आणि मृत्यू, एवढं काढायचं. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या मांज्यावर बंदी घातली, तिच्या आधी आणि नंतर फरक दिसतो का, तेही पाहायचंय.

सगळं रेकॉर्ड कागदावर आहे. एमआरडीतून (रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून) 'गळ्याची उघडी जखम' या निदानाच्या फाइली काढायच्या आणि एक्सेलमध्ये भरायच्या, असा बेत आहे. यात काय चुकतंय? परखड सांगा, प्रोटोकॉल अजून एथिक्स कमिटीकडे गेलेला नाही.

जुनी_नोंदवही

बाळा, पहिल्याच पायरीवर अडचण आहे. एमआरडीत फक्त भरती झालेल्या रुग्णांच्या फाइली असतात. कॅज्युअल्टीत टाके घालून घरी पाठवलेल्याचा केस पेपर त्याच्याच खिशातून घरी जातो. मागे राहते ती रजिस्टरमधली एक ओळ: नाव, वय, 'सीएलडब्ल्यू नेक' (गळ्याची फाटलेली जखम), टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, घरी सोडले.

म्हणजे इनडोअर फाइलींवरून 'इतक्या टक्के रुग्णांत प्लॅटिझ्माच्या (गळ्याच्या त्वचेखालच्या पातळ स्नायूच्या) खाली जखम होती' असं लिहिलंस, तर ते भरती झालेल्यांपुरतंच खरं. ज्यांची जखम वरवरची होती ते हिशोबात आलेच नाहीत. छेदस्थानी कोण आहेत हे आधी ठरव, मगच टक्केवारीला हात घाल.

दुसरं, निदानावरून शोधण्याबद्दल. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत गळ्याची उघडी जखम एस११ आणि वरवरची एस१०. पण 'दोरीने' हे त्या कोडात कुठेच येत नाही, ते बाह्य कारणाच्या कोडात यायला हवं. पतंगाच्या दोरीसाठी वेगळा कोड नाही, त्यामुळे कोणी डब्ल्यू४९ घालतं, कोणी काच लावलेली दोरी म्हणून डब्ल्यू२५, आणि बऱ्याचदा तो रकाना कोराच असतो. कोडवर विसंबू नकोस. तारखेवरून शोध: १ ते ३१ जानेवारी, गळ्याची प्रत्येक जखम, आणि कारण फाइल उघडून वाचायचं.

सेवउसळ_एक्स्ट्रा_तर्री

वाचतोय. एमआरडीतून फाइल हातात येईपर्यंत पुढची उत्तरायण येते, तेव्हा प्रोटोकॉलमध्ये तेवढी सवड धरा :)

सुरसागर

काकांनी मुख्य गोष्ट सांगितलीच आहे, मी रजिस्टरांचं सांगते. अशा अभ्यासात रुग्ण पाच ठिकाणी सापडतो: कॅज्युअल्टी रजिस्टर, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेसचं) रजिस्टर, मायनर ओटी (छोट्या शस्त्रक्रियांची खोली), मेजर ओटी आणि वॉर्डाचं भरती रजिस्टर. शक्य असेल तर शवागाराचं सहावं. पाचही ठिकाणांहून नावं उतरवून मग एकत्र जुळवायची.

जुळवणी इथेच कठीण होते. ओपीडी, इनडोअर आणि एमएलसी असे तीन वेगळे क्रमांक असतात आणि ते दर जानेवारीला पुन्हा एकपासून सुरू होतात. वर्ष न लिहिलेला क्रमांक म्हणून निरुपयोगी, आणि तुझे सगळे रुग्ण नेमके जानेवारीतले, म्हणजे लहान क्रमांकांचे. ४१२ नंबर दहा वर्षांत दहा जणांना मिळालेला असतो.

नावांचं तर विचारूच नकोस. गुजराती पद्धतीने आडनाव आधी, मग भाई किंवा बेन जोडलेलं. एका रजिस्टरात 'जया', दुसऱ्यात 'जयाबेन'. गायकवाड तर इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं मिळेल. लग्न झालेल्या बाईच्या मधल्या नावाच्या जागी कधी वडील, कधी नवरा. म्हणून अख्खं नाव जुळवू नये. तारीख, लिंग, वयात दोन वर्षांची सवलत, आडनावातली व्यंजनं आणि राहण्याचा भाग किंवा गाव, यांतल्या किती गोष्टी जुळल्या म्हणजे एकच व्यक्ती धरायची, तो नियम आधी लिहून ठेव.

टॉवरखालची

सुरसागरताईंच्या यादीत अंकांची भर. केस विंडोवर आणि वॉर्डात काही जण गुजराती अंक लिहितात, डॉक्टर इंग्रजी. हाताने लिहिलेला गुजराती एक इंग्रजी नवासारखा दिसतो आणि गुजराती चार इंग्रजी आठासारखा. वय १९ की ११ की ९९, असा प्रश्न पडतो. त्याच पानावर इतर अंक कोणत्या लिपीत आहेत हे पाहूनच ठरवायचं, आणि तरी शंका राहिली तर 'अवाच्य' असा कोड द्यायचा. अंदाजाने भरायचं नाही.

वयाचं आणखी एक. सांगितलेलं वय शून्य किंवा पाचावर संपतं: २५, ३०, ३५, ४०. वयोगट १६ ते २०, २१ ते २५ असे केले तर ढीग गटाच्या शेवटच्या टोकावर बसतो. १५ ते १९, २० ते २४ असे केले तर सुरुवातीला. गट कसे केले ते पद्धतीच्या भागात लिहायचंच.

खंडेराव_मार्केट

मी वेगळं मत मांडतो. अशा कागदांवरून दहा वर्षांचा अभ्यास करूच नये. ज्यांनी लिहिलं त्यांनी संशोधनासाठी लिहिलेलं नाही. वासी उत्तरायणाच्या संध्याकाळी कॅज्युअल्टीत रांग लागलेली असताना कोण जखमेची खोली मोजून लिहिणार? 'सीएलडब्ल्यू नेक ५ × १' एवढंच असतं. ५ काय, सेंटिमीटर? खोली कुठे? क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राखालच्या कूर्चेच्या कड्याच्या) वर की खाली? येत्या जानेवारीत एक पानी फॉर्म छापून टेबलावर ठेवा, एका मोसमात दहा वर्षांपेक्षा चांगली माहिती मिळेल.

रावपुरा_रेसिडेंट

खंडेरावदादा, मुद्दा पटतो. पण एका मोसमात श्वासनलिकेच्या इजा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळतील, त्यांवर काय म्हणता येईल?

आणि 'नोंद नाही' याचं काय करायचं? फाइलीत श्वासनलिकेबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर 'इजा नाही' धरायचं का?

सुरसागर

नाही, कधीच नाही. कागदी संशोधनातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं ठेव: आहे, नाही, नोंद नाही, अवाच्य. 'नाही' हे तेव्हाच, जेव्हा कोणीतरी तपासून 'नाही' लिहिलंय. जसं, 'आवाज स्पष्ट, त्वचेखाली हवा नाही, जखमेतून बुडबुडे नाहीत'. काही न लिहिणं म्हणजे तपासलं नाही, किंवा तपासलं पण लिहिलं नाही, किंवा ज्या पानावर लिहिलं ते पान हरवलं. या तिन्हींचा अर्थ वेगळा.

आणि रिकाम्या जागा सरसकट सगळीकडे सारख्या नसतात. ज्याची तब्येत गंभीर वाटली त्याची रक्तदाबाची नोंद दर पंधरा मिनिटांना असते, ज्याची बरी वाटली त्याची एकदाच किंवा नाहीच. हिमोग्लोबिन, सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचं सीटी) हेही तसंच. फक्त ज्यांचं हिमोग्लोबिन मिळालं त्यांची सरासरी काढलीस, तर ती आजारी लोकांची सरासरी झाली. अशा रिकाम्या जागा सरासरीने भरायच्या नाहीत. बहुविध आरोपण (रिकाम्या जागी अनेक संभाव्य आकडे घालून पाहणं) ही पद्धतसुद्धा तेव्हाच टिकते, जेव्हा रिकामं राहण्याचं कारण तुझ्याकडच्या बाकीच्या माहितीतून समजू शकतं. इथे ते बहुतेक समजणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक रकान्यात किती जणांची नोंद नाही, ते वर्षानुसार तक्त्यात उघड मांड.

जुनी_नोंदवही

वर्षानुसार म्हणालात ताई, तिथेच मोठा खड्डा आहे, तो सांगतो.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने भरती रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं. प्रत्येक संस्था आपली मुदत ठरवते, पण कधी ना कधी छाटणी होतेच. छाटणीत साध्या फाइली जातात. एमएलसीच्या आणि मृत्यूच्या ठेवल्या जातात, कारण कोर्टातून समन्स येऊ शकतं.

आता विचार कर. २०१५च्या जानेवारीच्या तुला ज्या फाइली मिळतील त्यांत एमएलसी आणि मृत्यूच जास्त. २०२४च्या सगळ्या प्रकारच्या. आलेख काढलास की दिसेल, दहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण उतरलं! बंदीचा परिणाम म्हणून टाळ्या पडतील. प्रत्यक्षात तो छाटणीचा परिणाम. म्हणून एमआरडीत आधी छाटणीचं रजिस्टर माग. कोणत्या वर्षाच्या कोणत्या फाइली कधी काढून टाकल्या, हे त्यात असतं.

प्रतापनगर_७

काका, पुराचंही सांगा. विश्वामित्रीचं पाणी २०१९ला आणि २०२४ला शहरात शिरलं, तळमजल्यावरची रेकॉर्ड भिजू शकतात.

जुनी_नोंदवही

हो, आणि त्यात रचना कशी आहे याने फरक पडतो. फाइली शेवटच्या दोन अंकांनुसार लावलेल्या असतील तर खालचा खण भिजला तरी नुकसान सगळ्या वर्षांत विखुरतं. ०० ते ०९ वाले गेले, म्हणजे प्रत्येक महिन्यातले थोडे थोडे. गठ्ठे महिन्यांनुसार बांधून खालून वर रचले असतील, तर जानेवारी सर्वांत खाली. पाणी शिरलं की पहिला बळी उत्तरायणाचाच गठ्ठा. पहिल्या प्रकारात हरवलेल्या फाइली आणि सापडलेल्या फाइली साधारण सारख्याच असतील असं म्हणता येतं. दुसऱ्या प्रकारात ते वर्षच वगळावं लागतं. शेल्फ कसं लावलंय ते स्वतः जाऊन पाहणं हा पद्धतीचा भाग आहे.

थर्मल कागदाचंही लक्षात ठेव. ईसीजी आणि रक्तवायूच्या पट्ट्या काही वर्षांत पुसट होतात. वर सेलोटेप लावला असेल किंवा प्लास्टिकच्या फोल्डरात असतील तर आणखी लवकर. तिथे मूळ पट्टीऐवजी नोट्समध्ये उतरवलेला आकडा घ्यावा लागतो. तो कुठून घेतला, यासाठी वेगळा रकाना ठेव.

टॉवरखालची

जानेवारी सर्वांत खाली! हे कधी डोक्यात आलं नव्हतं, काका. फार उपयोगी.

प्रतापनगर_७

मी कायद्याच्या बाजूने लिहितो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत, जुन्या नोंदींवरच्या अभ्यासात माहिती अनामिक असेल तर संमतीतून सूट देता येते. पण सूट एथिक्स कमिटी देते, आपण गृहीत धरायची नाही. प्रोटोकॉलमध्ये 'संमतीतून सूट मिळावी' असा वेगळा परिच्छेद हवा: रुग्णांना आता शोधणं का शक्य नाही, आणि जोखीम किमान का आहे.

कागदावर आहे तोवर ठीक, पण टाइप केलं की २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा डोक्यात ठेवा. कागदावरची माहिती नंतर डिजिटल केली तर तीही त्या कायद्यात येते. संशोधनाला सवलत आहे, अटींसह. म्हणून मोबाइलने फाइलीचे फोटो काढून ग्रुपवर टाकणं पूर्ण बंद. अभ्यास क्रमांक आणि रुग्णाचं नाव जोडणारी यादी फक्त कागदावर, गाइडच्या कपाटात, कुलपात. एक्सेलमध्ये नाव, पत्ता, एमएलसी क्रमांक काहीच नाही. जन्मतारखेऐवजी वय.

एमएलसीच्या फाइलींसाठी अधीक्षकांची वेगळी लेखी परवानगी घ्या. काहींच्या मूळ प्रती कोर्टात असतील. त्या 'मिळाल्या नाहीत' या गटात वेगळ्या मोजा, कारण कोर्टात गेलेल्या जखमा साध्या नसतात.

खंडेराव_मार्केट

बंदीच्या आधी आणि नंतरच्या तुलनेबद्दल कोणी बोललं नाही. दोरी नायलॉनची होती की सुती, हे डॉक्टरला कुठे दिसतं? रुग्ण सांगतो ते लिहितात. बंदीनंतर वर्तमानपत्रांत रोज 'चायनीज दोरी' छापून येतं, तेव्हा रुग्णही तेच म्हणतो आणि डॉक्टरही तेच लिहितो. बंदीनंतर नायलॉनच्या नोंदी वाढलेल्या दिसतील, आणि त्या दोरीपेक्षा बातम्यांच्या असतील.

सुरसागर

खंडेराव, याला पूर्ण दुजोरा. दोरीचा प्रकार हा रकाना घ्यायचाच असेल तर 'रुग्णाने सांगितल्याप्रमाणे' असं नाव द्यावं आणि त्यावर निष्कर्ष बांधू नये. शिवाय २०२१च्या उत्तरायणावर कोविडचे निर्बंध होते. ते वर्ष बाकीच्यांच्या रांगेत बसवता येत नाही. दहापैकी तीन वर्षं बंदीच्या आधीची, त्यांच्याच फाइली छाटणीत गेलेल्या. हा उद्देश प्रबंधातून काढून टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पोळी_नव्हे_रोटली

विषयांतर होतंय, पण पक्ष्यांसाठी दर जानेवारीत करुणा अभियान चालतं. जखमी घारी आणि कबुतरांची नोंद तिथे जागच्या जागी फॉर्मवर होत असेल तर माणसांसाठीही तसाच फॉर्म का नसावा?

खंडेराव_मार्केट

हेच तर मी म्हणतोय!

रावपुरा_रेसिडेंट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन व्यावहारिक प्रश्न. माहिती उतरवणारे आम्ही दोघं, मी आणि ज्युनिअर. दोघांचं जुळतंय हे कसं दाखवायचं? नव्वद टक्के जुळलं तर चालेल का? आणि मोबाइलवर फोटो काढून एआयकडून वाचून घेणं कसं राहील? तेवढाच वेळ वाचेल.

सुरसागर

टक्केवारी फसवते, ती अशी. समज १०० फाइली दोघांनी स्वतंत्र वाचल्या. 'श्वासनलिकेला इजा' यावर दोघंही 'आहे' म्हणाले ४ फाइलींत, दोघंही 'नाही' म्हणाले ८८ फाइलींत. तू एकटा 'आहे' म्हणालास ५, ज्युनिअर एकटा ३. जुळणी ९२ टक्के. छान वाटतं. पण तू एकूण ९ वेळा 'आहे' म्हणालास आणि तो ७ वेळा, त्यामुळे निव्वळ योगायोगानेच ८५.३ टक्के जुळलं असतं. योगायोग वजा करून उरणाऱ्या जुळणीचं माप म्हणजे कप्पा (kappa): (०.९२० − ०.८५३) भागिले (१ − ०.८५३), सुमारे ०.४६. ती मध्यमच जुळणी झाली. दुर्मीळ गोष्टीत 'नाही, नाही' जुळणं सोपं असतं. तुझ्या अभ्यासात महत्त्वाच्या सगळ्याच गोष्टी दुर्मीळ आहेत, तेव्हा 'आहे'वरची जुळणी वेगळी दाखव. इथे ती निम्मीच आहे.

कप्पा कमी आला की दोष बहुतेक व्याख्येचा असतो. 'श्वासनलिकेला इजा' म्हणजे काय? ओटी नोटमध्ये छिद्र दिसलं हे, की जखमेतून हवा येते असं कॅज्युअल्टीत लिहिलं हे? दोन कागद एकमेकांशी भांडले तर कोणता खरा? आधी लिही: ओटी नोट प्रथम, मग सीटीचा रिपोर्ट, मग वॉर्ड नोट, शेवटी डिस्चार्ज कार्ड. डिस्चार्ज कार्ड वाचायला सोपं म्हणून सगळे तिथून उचलतात, पण ते बऱ्याचदा इंटर्नने घाईत उतरवलेलं असतं आणि बाजू उलट झालेली असते, डाव्याची उजवी.

क्रम असा ठेव. व्याख्यांची वही लिही, ३० फाइलींवर दोघं स्वतंत्र चालवा, भांडा, वही सुधारा, त्या ३० पुन्हा वाचा. मगच मुख्य काम. मधूनमधून एकूण फाइलींच्या दहा टक्के दुसऱ्याने, पहिल्याची उत्तरं न पाहता, परत वाचायच्या, नाहीतर पहिल्या महिन्यातली तुझी व्याख्या आणि पाचव्या महिन्यातली वेगळी होते आणि कळतही नाही. भरतानाही दुहेरी नोंद: दोघांनी वेगवेगळं टाइप करायचं आणि संगणकावरच्या दोन्ही फाइली एकमेकींशी पडताळायच्या. एपिडेटा या माहिती भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे आणि ते मोफत आहे.

टॉवरखालची

एक्सेलमध्येच भरणार असशील तर तारखांची काळजी घे, तुझ्या विषयात हा सापळा नेमका बसतो. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर १२/०१/२०१९ लिहिलं की तो १ डिसेंबर समजतो, आणि १४/०१/२०१९ ला चौदावा महिना नसल्याने ती तारीख न राहता नुसता मजकूर होतो. म्हणजे १ ते १२ जानेवारीचे रुग्ण वर्षभर विखुरतात आणि ऐन उत्तरायणाचे मोजणीतून गळतात. दिवस, महिना, वर्ष तीन वेगळ्या रकान्यांत भर.

वेळेचंही तसंच. '७.३०' सकाळचे की संध्याकाळचे? जखम झाल्याची, कॅज्युअल्टीत आल्याची आणि नोट लिहिल्याची अशा तीन वेळा असतात. कोणती घेतली ते ठरव.

प्रतापनगर_७

एआयबद्दल: रुग्णाच्या नावासकट फोटो बाहेरच्या सर्व्हरवर जातो, तेव्हा कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय तो विचारच नको.

सुरसागर

आणि परवानगी मिळाली तरी, ती यंत्रणा कोरी जागा गुळगुळीत वाक्याने भरू शकते. आपण इतका वेळ 'नोंद नाही'साठी भांडतोय, तेच हातचं जाईल. वापरायचंच तर हाताने वाचलेल्या फाइलींशी ताडून, किती वेळा चुकलं ते मोजून.

खंडेराव_मार्केट

एकूण किती रुग्ण सुटले याचा अंदाज काढता येतो का? की तेही देवावर?

सुरसागर

येतो, दोन रजिस्टरं असतील तर. समज एका मोसमात कॅज्युअल्टी रजिस्टरात १२०, एमएलसीत ८०, दोन्हींत असलेले ६०. वेगळी माणसं १४० सापडली. दोन याद्यांतल्या सामाईक नावांवरून एकूण आकडा काढणाऱ्या चॅपमनच्या सूत्राने १२१ गुणिले ८१ भागिले ६१, त्यातून १ वजा, सुमारे १६०. म्हणजे २० जण दोन्हींतून सुटले. पण यात दोन रजिस्टरं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. इथे कॅज्युअल्टीचाच डॉक्टर एमएलसी करतो, त्यामुळे एका ठिकाणी आलेला दुसरीकडे येण्याची शक्यता जास्त, आणि खरा आकडा १६० पेक्षा मोठाच असणार. 'किमान' म्हणून मांडता येईल. खासगी दवाखान्यांत गेलेले यात नाहीतच.

रावपुरा_रेसिडेंट

मग बदललेला बेत सांगतो. दहा वर्षं आणि बंदीची तुलना काढून टाकतो. छाटणीच्या रजिस्टरावरून ज्या वर्षांच्या सगळ्या फाइली शिल्लक आहेत तेवढीच घेतो, बहुधा शेवटची तीन. पाच रजिस्टरांतून रुग्ण शोधतो. त्याच्या जोडीला १० ते २० जानेवारीला कॅज्युअल्टीत एक पानी फॉर्म: गळ्याचा झोन (खालचा, मधला की वरचा भाग), प्लॅटिझ्मा उघडला का, आवाज, त्वचेखालची हवा, दुचाकीवर दोरीपासून बचावाची तार होती का, गळ्याभोवती रुमाल होता का.

जुनी_नोंदवही

आता बसलं. फक्त दोन्ही भागांचे आकडे एका तक्त्यात मिसळू नकोस. फॉर्म ठेवलास की लोक जास्त काळजीने तपासतील, त्यामुळे इजा जास्त दिसतील. तो बदल रुग्णांचा नव्हे, नोंदीचा.

आणि फॉर्म दोन प्रतींत कर. वरची केस पेपरला टाचून रुग्णाबरोबर जाऊ दे, खालची कार्बन प्रत त्याच टेबलाच्या खणात. ती रोज रात्री बाराला मोजायची आणि कॅज्युअल्टी रजिस्टरातल्या गळ्याच्या जखमांशी ताडायची. जेवढे फॉर्म कमी, तेवढे त्याच रात्री भरून घ्यायचे, ड्यूटी बदलायच्या आत. तार आणि रुमाल हे प्रश्न मात्र रुग्ण शुद्धीवर असतानाच विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी नातेवाईक सांगतात ते बऱ्याचदा अंदाजाचं असतं.